जोडीचा ठोका

१

घाट चढून आलेल्या गाड्या लोणावळ्यात शिरताना तापलेल्या असायच्या, आणि हौशीरामचं गॅरेज नेमकं तिथे होतं जिथे ड्रायव्हरचा धीर सुटतो. पुढे पाण्याचं पिंप, खाटेवर आडवे झालेले ट्रकवाले, आणि मागे चिंचेखाली एक पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये सखाराम तांबट गाड्यांचे पोचे काढायचा. सकाळी साडेसातला यायचा, कोट खुंटीला लावायचा, हत्यारं एका ओळीत मांडायचा, आणि एकदा बडवायला बसला की दुपारच्या डब्यापर्यंत मान वर करायचा नाही. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. चाळीस वर्षं हातोड्याशेजारी काढून त्याचे कान बसले होते. हौशीराम म्हणायचा, "भाऊला हळूच शिवी द्यायची बी सोय न्हाई. आपण वरडायचं, समद्या बाजारानं ऐकायचं, आन भाऊ इचारणार, काय म्हणालात?"

सखाराम मूळचा पुण्याच्या तांबट आळीतला. तिथे तो आणि धाकटा भाऊ महिपती समोरासमोर बसून हंडे मठारायचे. मठारणं म्हणजे हातोडीच्या बारीक ठोक्यांनी भांडं घट्ट आणि गुळगुळीत करत नेणं. मोठं भांडं ते दोघं जोडीनं मठारत. एकाचा ठोका पडला की लगेच दुसऱ्याचा. आपण मारायचं आणि जोडीदारासाठी जागा सोडायची, नखभर जास्त नाही की कमी नाही. सव्वीस वर्षं अशी जागा सोडली की ती हातात मुरते.

पुढे स्टेनलेस स्टील आलं, हंड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि सखारामनं लोणावळ्याची वाट धरली. महिपती यायला तयार होईना. "तांबं सोडून मी टिनपाटं बडवू होय?" म्हणाला. सखाराम त्याला मागे ठेवून आला. वर्षभरात महिपती गेला. छातीचं दुखणं होतं असं सगळे म्हणाले. पण शेजाऱ्यांनी आणखी एक सांगितलं होतं, आणि ते सखारामच्या मनातून जात नव्हतं. शेवटी शेवटी महिपती रिकाम्या दुकानात बसून एक ठोका मारायचा आणि थांबायचा. पुन्हा एक मारायचा आणि थांबायचा.

त्याला सात वर्षं झाली होती. सखारामही अजून एक ठोका मारून थांबतच होता. हौशीरामला वाटायचं, म्हातारा दम घेतोय.

२

एकोणसत्तर सालच्या माघात मुंबईचे एक पारशी शेठ गॅरेजात आले. तुंगार्लीला त्यांचा बंगला होता. गाडी चौतीस सालची, विलायती, उघडी आणि लांब नाकाची. तीन आठवड्यांनी जुन्या गाड्यांची घाटात शर्यत होती, खोपोलीपासून वर. शेठचं म्हणणं असं की गाडीला नाकाचंच ओझं होतंय. बॉनेट पोलादी होतं, दोन पाख्यांचं, मधोमध लांब बिजागरी. ते उतरवायला हौशीराम आणि त्याचा मेकॅनिक गेणू, दोघं लागले, आणि खाली ठेवताना गेणूनं आईची आठवण काढली.

"हेच पाहिजे, पण हलकं," शेठ म्हणाले. "माझी बायको एका हातानं उचलेल असं."

ॲल्युमिनमचा पत्रा त्यांनी मुंबईहून आणलाच होता. आपल्याकडे त्याला लोक जर्मन म्हणतात. सखारामच्या घरात जर्मनची दोन पातेली होती आणि त्यांच्याकडे तो सावत्र पोरांसारखा बघायचा. पण हा पत्रा त्यानं दारातल्या उन्हात धरला, आणि त्याला बरं वाटलं. आठ वर्षं तो दुसऱ्यांनी ठोकरलेलं सरळ करत आला होता. नवं, सपाट, काहीच न झालेलं असं त्याच्या हातात इतक्या दिवसांनी आलं.

"भाऊ, जमंल का?" हौशीरामनं ओरडून विचारलं.

"जमेल," सखाराम म्हणाला. "पण जोडीला कुणी असतं तर बरं झालं असतं."

हे तो सहज म्हणाला. नंतर त्याला हे वाक्य पुष्कळदा आठवलं.

३

जुन्या बॉनेटवरून खाकी कागदाचे साचे काढले, पत्रा कापला. जर्मन तापवायची युक्ती रेल्वेच्या लोको शेडमधल्या एका फिटरनं सांगितली होती. पत्र्याला साबण फासायचा, खालून कोळशाचा जाळ द्यायचा, आणि साबण काळा पडला की थांबायचं. पुढे गेलात तर पत्रा वितळून पायावर पडेल. साबण काळा पडला, सखाराम थांबला, पत्रा मऊ झाला. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं त्याला बाक दिला. तिसऱ्या दिवशी मठारायला घेतलं. डावा पंजा पत्र्याखाली, उजव्या हातात हातोडी. एक ठोका आणि जागा, एक ठोका आणि जागा.

दुपारच्या आधी केव्हातरी त्याच्या ध्यानात आलं की जागा रिकामी जात नाहीये.

ऐकू काहीच आलं नव्हतं. कळलं ते पंजाला. त्याचा ठोका वरून पडला की पत्रा थरथरायचा, आणि ती थरथर विझायच्या आत दुसरा ठोका जाणवायचा. हलका, नेमका, आणि खालून.

सखारामनं पत्रा उचलून खाली पाहिलं. वाळूची पिशवी होती, जमीन होती, एक मुंगळा चालला होता. नवा धातू आहे, त्यानं स्वतःला समजावलं. तांबं आळशी, मारलं की मुकाट बसतं. हे हलकं, उसळत असेल. त्यानं कडेला मारून पाहिलं, मध्ये मारून पाहिलं. मग मुद्दाम लय बदलली, सावकाश केली. खालचा ठोकाही सावकाश झाला आणि बरोबर मधोमध पडला. उसळणारा पत्रा लय कशी ओळखेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्यानं तो पुढे जाऊ दिला नाही.

तेवढ्यात हिरी कोळशाची पाटी घेऊन आली. डोंगरावरच्या वाडीतली बाई, आठवड्यातून दोनदा कोळसा घालायची. पाटी उतरवून तिनं शेडमध्ये चारी बाजूंना पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "आबा, दुसरा गडी कुटं गेला?"

"दुसरा कोण?"

"म्या सडकंपास्नं ऐकत आले की. दोघं बडवत व्हता. येक वरनं, येक खालनं."

"एकटाच आहे मी."

हिरी हसली नाही. तिनं पत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायांपाशी पाहिलं, आणि पाटी परत डोक्यावर घेतली. "कोळसा भायेर ठिवते," म्हणाली. त्या दिवसापासून कोळसा चिंचेखाली पडलेला सापडू लागला.

४

आता हे सांगितलं पाहिजे की सखारामला भीती वाटली नाही. त्याला आनंद झाला. हिरीनंही ऐकलं म्हणजे हे मनाचे खेळ नव्हते. आणि जोडीनं मठारणारा त्याच्या आयुष्यात एकच माणूस होता.

घरी जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. तिचे ओठ तो वाचायचा, तिला ओरडावं लागत नसे. मुक्ताबाई पोळी लाटता लाटता थांबली.

"अहो, भाऊजी आले असते तर आधी घरी आले असते. वरणफळं केली आहेत का विचारायला."

"तुला थट्टा सुचते."

"थट्टा नाही. भाऊजी तुमच्यावर रागावून गेले. अबोल्यानं गेले. असा माणूस मुकाट्यानं कामाला बसेल? आधी चार शब्द सुनावेल, मग हातोडी घेईल." तिनं पोळी तव्यावर टाकली. ती उलटवून म्हणाली, "ते काम सोडून द्या. हौशीरामभाऊंना मी सांगते."

बायको सांगत होती ते पटण्यासारखं होतं, म्हणून सखाराम चिडला. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधीच शेडमध्ये हजर झाला.

डावं पाखं आठ दिवसांचं काम, ते चार दिवसांत झालं. असे हात त्याचे तांबट आळी सोडल्यापासून चालले नव्हते. तो ठोका मारी, खालून उत्तर येई, आणि मध्ये तो बोलत राही. आळीतल्या कुणाचं काय झालं, दुकानाच्या जागी आता शिंप्याचं मशीन कसं बसलंय, आपला मोठा हंडा शेवटी कुणी नेला. एकदा त्यानं हातोडी उचलून धरली आणि विचारलं, "रागावला नाहीस ना रे?" आणि ठोका मारला. उत्तर आलं, तितकंच हलकं, तितकंच नेमकं. सखाराम पत्र्यावर डोकं टेकून रडला. गेणूनं दारातून पाहिलं, भाऊच्या डोळ्यांत कोळसा गेला असेल असं समजून तो निघून गेला.

५

पाखं झालं म्हणून सखारामनं ते कानस मारायला दारात नेलं, आणि सहज उलटं केलं.

मठारायचं ते बाहेरून. आतली बाजू नितळ राहायला हवी होती. पण आतून ओळीनं ठसे उमटले होते, वरच्या प्रत्येक दोन ठशांच्या मध्ये एक. अपेक्षा होतीच. तो प्रेमानं त्यांवरून बोट फिरवत गेला, आणि बोट मध्येच थांबलं.

महिपती डावखुरा होता. त्याच्या ठशाचा कल नेहमी उलट्या अंगाला जायचा. दोघा भावांचा हंडा बाजारात लोक यावरूनच ओळखायचे. हे ठसे उजव्या हाताचे होते. एवढंच नाही. सखारामच्या हातोडीच्या तोंडाला एक बारीक टवका होता, त्यामुळे त्याच्या प्रत्येक ठशात केसाएवढी रेघ उठायची. आतल्या प्रत्येक ठशात तीच रेघ होती.

त्याला आधी सुटल्यासारखं झालं. म्हणजे मीच मारले. म्हातारपण आलं, पत्रा कधी उलटला आणि कधी मारलं हे ध्यानात राहत नाही, झालं. हिरीला काय, बायका काहीही ऐकतात. त्यानं उजवं पाखं पुढे ओढलं. त्याची आतली बाजू नीट पाहून घेतली, कोरी होती. मग हातोडी घट्ट धरून शंभर ठोके मोजून वरून मारले, पत्रा जागचा हलू दिला नाही. उलटून पाहिलं. आत नव्व्याण्णव ठसे होते, रेघेसकट. शंभराव्या ठोक्यानंतर तो थांबला नव्हता, त्यानं लगेच पत्रा उलटला होता.

त्यानं गेणूला हाक मारली. गेणू टाकव्याचा, अंगानं रेडा आणि मनानं गाय. "मी मारतो. तू पत्र्याखाली हात धर आणि सांग, काय लागतं."

"भाऊ, त्येला काय लागतंय?" म्हणत गेणूनं पंजा खाली सरकवला.

सखारामनं एक ठोका मारला, गेणूच्या हातापासून वीतभर लांब, आणि थांबला.

गेणू ओरडला ते सखारामलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं. त्यानं हात ओढून काढला. मधल्या बोटाचं नख बघता बघता काळं झालं. आणि चेंगरलेल्या नखावर एक रेघ उमटली होती.

"भाऊ," गेणू बोट तोंडाशी धरून मोठ्यानं म्हणाला, "मारलंत तुमी वरनं. मला कसं काय खालनं लागलं?"

 गेणू हळूहळू मागे सरत दाराबाहेर गेला, आणि नंतर त्या शेडमध्ये त्यानं पाऊल टाकलं नाही.

मग हा कोण? सखाराम तिथेच बसून राहिला. इतके दिवस कुणाला त्यानं घरच्या गोष्टी सांगितल्या होत्या? कुणाकडे माफी मागितली होती? महिपती इथे नव्हता. कधीच आला नव्हता. सखाराम जागा सोडत गेला होता, आणि ती जागा बघून भलतंच कुणीतरी येऊन बसलं होतं.

६

काम मात्र सोडता येईना. शर्यत जवळ येत होती, आणि हौशीरामनं शेठला शब्द दिला होता. सखारामनं मनाशी ठरवलं, पुरं करायचं आणि देऊन टाकायचं. बॉनेट मुंबईला जाईल, त्याच्याबरोबर जे काय आहे तेही जाईल.

उरलेलं पाखं त्यानं जागा न सोडता मठारायचं ठरवलं. ठोक्यामागे ठोका, सलग. सांगायला सोपं आहे. पाचसहा ठोके जमायचे, आणि मग हात आपोआप थांबायचा. हवेत, पुरता क्षणभर. तेवढ्यात खालून उत्तर यायचं. पुढे पुढे तर थोडं घाईनं येऊ लागलं, वाट पाहून कंटाळल्यासारखं. त्याचा खांदा भरून आला, घामानं सदरा अंगाला चिकटला. बोलणं त्यानं बंद केलं होतं. पण शेडमध्ये इतकी शांतता झाली की त्याला वाटू लागलं, समोरचा आता गोष्टीची वाट पाहतोय.

शनिवारी सकाळी बॉनेट गाडीवर चढलं. बिजागरीचा लांब खिळा सरकन आत गेला, दोन्ही पाखी कडेला केसाचीही फट न ठेवता बसली. हौशीरामनं एका हातानं पाखं उचलून दाखवलं आणि खाटेवरचे ट्रकवाले उठून बघायला आले. वरून चामडी पट्टा आवळला. पोलादी बॉनेट चिंचेला टेकून ठेवलं होतं, आणि नव्यापुढे ते घंगाळासारखं दिसत होतं.

"भाऊ, हात हायेत का काय!" हौशीराम म्हणाला. "शेठ म्हणतो, खंडाळ्यापातूर चक्कर मारू, मिस्त्रीला संगं घेतो."

सखारामला नाही म्हणायचं होतं. पण शेठनं दार उघडून धरलं होतं, आणि सगळे हसऱ्या तोंडानं बघत होते.

७

गाडी चालू असताना ठीक होतं. वाऱ्यानं कानात नुसतं घोंघावत होतं, शेठ खुशीत होते. खंडाळ्याच्या पुढच्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दरी बघायला म्हणून इंजिन बंद केलं. खालून एक आगगाडी घाट चढत होती. ऊन चांगलं वर आलं होतं.

"मिस्त्री," शेठ ओरडून म्हणाले, "काहीतरी टकटक करते. इंजिन बंद केला तरी. बघ जरा."

सखारामला ते आधीच समजलं होतं. गाडीच्या तळाच्या फळीतून त्याच्या तळपायांना लागत होतं. एक ठोका आणि जागा. एक ठोका आणि जागा.

इतके दिवस तो मारायचा आणि उत्तर यायचं. आता ते मारत होतं, आणि त्याच्यासाठी थांबत होतं.

तो उतरून पुढे गेला. पट्टा सोडायला हात लावला, पण सोडवेना. त्याऐवजी वाकून बाजूला हवेसाठी ठेवलेल्या फटींतून आत पाहिलं. आधी नुसता काळोख आणि तापलेल्या तेलाचा वास. मग पत्र्याला आतून टेकलेला पंजा दिसला. चार बोटं पसरलेली, अंगठा बाजूला, मठारताना पत्रा सांभाळतात तसा. तिथे इंजिन होतं. पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये पंजा कसाबसा मावला असता, पण मनगट कुठे गेलं असतं? सखारामनं डोळे मिटून उघडले. तिथे एक रबरी नळी होती.

खालून ठोका पडला. मग जागा.

उत्तर द्यायचं नाही, एवढं त्याला पक्कं कळत होतं. हातोडी कोटाच्या खिशात होती, त्यानं खिशावर मूठ दाबून धरली. पुन्हा ठोका पडला, पुन्हा जागा आली. या वेळी जरा लांब. कुणीतरी कान देऊन बसावं तशी.

आणि त्याला ते बंद दुकान दिसलं. भाता थंड, समोरची बैठक मोकळी, आणि महिपती एक मारून थांबलेला. वर्षभर. त्या वर्षात सखाराम तीन वेळा पुण्याला गेला होता आणि तिन्ही वेळा आळीच्या तोंडाशी जाऊन परत फिरला होता. हे त्यानं मुक्ताबाईलाही सांगितलेलं नव्हतं.

हा महिपती नाही, हे तो जाणून होता. तरी ती रिकामी जागा त्याला सोसवेना. त्यानं हातोडी काढली आणि बॉनेटवर अगदी हळू, एकदाच मारली.

आत सगळं शांत झालं.

"बस, थांबला!" शेठनी टाळी वाजवली. "एका टोल्यात! शाबास मिस्त्री!"

ते बॉनेट त्यानंतर कधी वाजलं नाही. शर्यत झाली, गाडी न तापता घाट चढली, सोमवारी मुंबईला गेली. हौशीरामनं पेढे वाटले.

८

मंगळवारी सकाळी सखाराम कोट घालत असताना त्याच्या छातीत एकदा धडकलं, आणि मग काहीच नाही.

तो उभा राहिला. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. त्याची उजवी मूठ आपोआप वर आली आणि तिनं छातीवर हलकेच मारलं. आत पुन्हा धडकलं. मग पुन्हा काही नाही. त्यानं पुन्हा मूठ मारली.

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. या वयात नाडी चुकते म्हणाले, गोळ्या दिल्या, पडून राहायला सांगितलं. गोळ्यांनी काही फरक पडला नाही. एक धडकणं आतून येई, दुसरं त्याला बाहेरून द्यावं लागे. एकदा त्यानं मुद्दाम दिलं नाही, काय होतं ते बघायला. शुद्धीवर आला तेव्हा मुक्ताबाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होती.

त्यानं तिला सगळं सांगितलं. तांबट आळीच्या तोंडाशी जाऊन परत फिरल्याचंही सांगितलं. ती रागावली नाही. "मला तेव्हाच कळलं होतं," म्हणाली. मग त्याच्या शेजारी पाय मुडपून बसली, त्याचा सदरा उघडला आणि छातीवर हात ठेवला. "तुम्ही झोपा. मी देते."

"तुला जमणार नाही. जागा चुकेल."

"चाळीस वर्षं जात्यावर दुसऱ्याच्या हाताशी हात मिळवलाय. झोपा."

तिला जमलं. तीन दिवस दोघं पाळीपाळीनं करत राहिले, तिची चार बोटं किंवा त्याची मूठ. ती जेवायला उठली की त्यानं करायचं, तो थकला की तिनं. सखारामच्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या. मुक्ताबाईचे डोळे खोल गेले. कधी कधी ती बसल्या जागी पेंगायची, आणि तो चटकन मूठ उचलायचा. ही किती दिवस पुरेल, हाच विचार त्याला खात होता. आणि ती थकली की मग?

चौथ्या दिवशी दुपारी त्याला गाढ झोप लागली. इतकी गाढ की जाग येताना शरीर जड आणि सुखी वाटत होतं. छातीतलं अगदी सुरळीत चाललं होतं. आतून एक, बाहेरून एक. आतून एक, बाहेरून एक. हात हलका होता, नेमका होता. त्यानं डोळे न उघडता मनात म्हटलं, बिचारी, किती वेळ बसली असेल.

मग त्याला उशाच्या भिंतीतून धपधप जाणवू लागली. मोरीच्या दगडावर कपडे आपटले जात होते. ते आपटणं तो ओळखत होता. दोनदा जोरात, एकदा हळू, गेली चाळीस वर्षं.

त्याची स्वतःची मूठ अंथरुणावर उघडी पडली होती.

छातीवरची बोटं थांबली नाहीत. महिपती असेल, त्याला वाटलं. आता तरी आला असेल, आता तरी राग गेला असेल. डोळे उघडून बघणं एवढंच राहिलं होतं. आणि महिपती नसला, आणि त्याला बघून आपण ओरडलो, आणि त्यानं हात उचलला, तर? बोटं जरा थांबल्यासारखी झाली. सखारामनं घाईघाईनं पापण्या घट्ट मिटल्या, आणि बोटं पुन्हा चालू लागली.

बाहेर मुक्ताबाई कुंपणापलीकडच्या रतनबाईला मोठ्यानं सांगत होती, आज उतार आहे हो त्यांना, माझा हात सुटला तरी आपापलं चालू राहिलं, मी तासभर झाला उठून आलेय, आणि ते एकटेच छान झोपलेत.